अर्ल वॉरेन

अर्ल वॉरेन (१९ मार्च १८९१ – ९ जुलै १९७४) हे अमेरिकन कायदेतज्ज्ञ व राजकारणी होते. १९३९ ते १९४३ या काळात ते कॅलिफोर्निया राज्याचे ॲटर्नी जनरल, त्यानंतर १९५३ पर्यंत राज्याचे गव्हर्नर आणि १९५३ ते १९६९ अमेरिकेचे सरन्यायाधीश होते. शाळांमधील वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालामुळे त्यांचे नाव सर्वत्र ठाऊक आहे. त्याच वॉरेन यांनी बारा वर्षे आधी जपानी वंशाच्या रहिवाशांना किनारपट्टीवरून हलवण्याची जाहीर मागणी केली होती, ही बाब मात्र अनेकदा नजरेआड होते.

पूर्वायुष्य

वॉरेन यांचा जन्म लॉस एंजेलिस येथे झाला. नॉर्वेत जन्मलेले त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला होते आणि अर्ल यांचे बालपण बेकर्सफील्ड या गावी गेले. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९१४ मध्ये कायद्याची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात काही काळ सैन्यात काढल्यावर ते अलामेडा काउंटीच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात रुजू झाले आणि १९२५ पासून तेथील मुख्य सरकारी वकील होते. १९३८ च्या निवडणुकीच्या धामधुमीत त्यांच्या वडिलांचा बेकर्सफील्डमधील राहत्या घरी खून झाला. त्या गुन्ह्याचा छडा अखेरपर्यंत लागला नाही.

ॲटर्नी जनरल

भारतातील राज्याचा महाधिवक्ता राज्यपालांकडून नेमला जातो. कॅलिफोर्नियाचा ॲटर्नी जनरल थेट मतदारांकडून निवडून येतो. तरीही १९३४ पर्यंत या पदाला फारसे अधिकार नव्हते. त्या वर्षी मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीने काउंट्यांचे शेरीफ व सरकारी वकील यांच्यावर देखरेख करण्याचा अधिकार ॲटर्नी जनरलला मिळाला. या दुरुस्तीच्या प्रमुख पुरस्कर्त्यांत स्वतः वॉरेन होते. म्हणजे ज्या खुर्चीवर ते चार वर्षांनी निवडून आले, तिचे बळ वाढवण्यात त्यांचाच हात होता. एकाच उमेदवाराला अनेक पक्षांच्या प्राथमिक निवडणुका लढवण्याची तेव्हा मुभा होती. वॉरेन रिपब्लिकन असूनही १९३८ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचीही उमेदवारी जिंकली.

सांता मोनिकाच्या उपसागरात नांगरलेल्या जुगाराच्या जहाजांवरील कारवाई ही त्यांच्या कारकिर्दीची पहिली मोठी खूण. किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे राज्याचा कायदा लागू होत नाही, असा जहाजमालकांचा दावा होता. ऑगस्ट १९३९ मध्ये छापे पडले, तेव्हा 'रेक्स' जहाजावरील लोकांनी अधिकाऱ्यांवर पाण्याच्या नळ्यांचा मारा केला आणि काही दिवस जहाज ताब्यात दिले नाही. हे तीन मैल किनाऱ्यापासून मोजायचे की उपसागराची दोन टोके जोडणाऱ्या रेषेपासून, हा खरा कायदेशीर मुद्दा होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उपसागर राज्याच्या हद्दीत असल्याचा निर्णय दिला.

जपानी वंशाच्या रहिवाशांचे स्थलांतर

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि पश्चिम किनाऱ्यावर भीतीचे वातावरण पसरले. वॉरेन यांनी काउंट्यांच्या अधिकाऱ्यांकडून जपानी शेतकऱ्यांच्या जमिनींचे नकाशे मागवले. विमानतळ, लोहमार्ग आणि वीजवाहिन्या यांच्याजवळ या जमिनी असणे हा योगायोग नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. वस्तुतः जपानी कुटुंबे त्यांतील अनेक जमिनी वर्षानुवर्षे कसत होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर दोनच दिवसांनी वॉरेन यांनी काँग्रेसच्या टोलन समितीपुढे साक्ष दिली. तोवर घातपाताची एकही घटना घडली नव्हती. हीच शांतता मोठ्या कटाची चाहूल आहे, असा त्यांनी युक्तिवाद केला. अनुभवी सरकारी वकिलाने पुराव्याच्या अभावालाच पुरावा मानावा, ही या साक्षीतील सर्वांत गंभीर उणीव होय. पुढे सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते.

आदेश संघीय सरकारचा आणि अंमलबजावणी सैन्याची होती. तथापि, राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याने दिलेल्या पाठिंब्याचे वजन मोठे होते. राजकीयदृष्ट्याही वॉरेन यांचे नुकसान झाले नाही. त्याच वर्षी त्यांनी विद्यमान गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांचा पराभव केला.

गव्हर्नर व सरन्यायाधीश

वॉरेन सलग तीन वेळा गव्हर्नरपदी निवडून आले. १९४७ मध्ये राज्याच्या शाळांतील वांशिक विभाजनाची उरलेली कायदेशीर तरतूद रद्द करणाऱ्या विधेयकावर त्यांनी स्वाक्षरी केली. १९४८ मध्ये ते उपराष्ट्राध्यक्षपदासाठी लढले, पण पराभूत झाले.

ऑक्टोबर १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांची सरन्यायाधीशपदी नेमणूक केली. १७ मे १९५४ रोजी 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्याचा निकाल त्यांनी वाचून दाखवला. नऊही न्यायाधीश एकमत झाले होते आणि ते घडवण्यात वॉरेन यांचे राजकीय कसब कामी आले. गरीब आरोपीला वकील मिळण्याचा हक्क (१९६३) आणि पोलीस चौकशीपूर्वी हक्कांची कल्पना देण्याचे बंधन (१९६६) हे निकालही त्यांच्याच काळातले. बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही वर्ज्य ठरवणाऱ्या १९६१ च्या निकालात ते बहुमताबरोबर होते. ज्या अधिकाऱ्यांच्या बाजूने ते अनेक वर्षे उभे राहिले, त्यांचेच हात या निकालांनी बांधले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या चौकशी आयोगाचेही ते अध्यक्ष होते.

१९६९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९७४ मध्ये वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. १९४२ मधील भूमिकेबद्दलचा त्यांचा खेद १९७७ मध्ये, मरणोत्तर प्रकाशित झालेल्या आत्मचरित्रात नोंदलेला आहे. संघीय सरकारने १९८८ च्या कायद्याने औपचारिक क्षमायाचना केली आणि छावण्यांत राहिलेल्या हयात व्यक्तींना प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई मंजूर केली.