कॅरोलिन हॅसलेट : सॉकेटच्या झडपेमागचे शहाणपण

लंडन, दुबई, सिंगापूर किंवा हाँगकाँगला निघालेल्या भारतीय प्रवाशाच्या सामानात पासपोर्टच्या खालोखाल महत्त्वाची वस्तू कोणती, तर प्लगचा अ‍ॅडॉप्टर. आपल्या गोल पिनांचा प्लग तिथल्या आयताकृती भोकांत बसत नाही. दोन पिनांचा चार्जरही आत जात नाही, कारण त्या भोकांआड एक झडप असते. प्रवाशाला वैताग आणणाऱ्या या सॉकेटच्या मागे एक विचार आहे. ब्रिटनमध्ये ज्या समितीने तो मांडला, तिच्या २० सदस्यांत एकच स्त्री होती. तिचे नाव कॅरोलिन हॅसलेट.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९५ रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात वर्थ या गावी झाला. वडील रेल्वेत सिग्नल फिटर होते आणि सहकारी चळवळीत रमलेले होते. शालेय शिक्षणानंतर कॅरोलिन यांनी लंडनमध्ये चिटणीसकामाचे शिक्षण घेतले आणि कॉक्रन या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत त्या नोकरीला लागल्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या सामील झाल्या होत्या. पत्रे लिहिण्यापेक्षा, ज्या यंत्रांविषयी ती लिहायची ती यंत्रे समजून घेण्याची ओढ त्यांना अधिक होती. पहिल्या महायुद्धाने ती संधी दिली. कचेरीतून त्या कारखान्यात गेल्या आणि लंडन व स्कॉटलंडमधील अॅनन येथे त्यांनी अभियांत्रिकीचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले.

युद्ध संपले आणि कारखान्यांची दारे स्त्रियांना पुन्हा बंद होऊ लागली. युद्धकाळात लेथ चालवलेल्या हातांना घरी परतण्याचा हुकूम मिळत होता. याच सुमारास, जून १९१९ मध्ये, लंडनमध्ये ‘विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी’ स्थापन झाली. हॅसलेट तिच्या पहिल्या सचिव झाल्या आणि संस्थेच्या ‘द वुमन इंजिनिअर’ या नियतकालिकाच्या पहिल्या संपादकही. तेव्हा त्या अवघ्या विशीत होत्या.

मात्र त्यांचे खरे कार्यक्षेत्र कारखान्याबाहेर होते. त्या काळच्या ब्रिटिश घरात स्वयंपाक, पाणी तापवणे आणि खोल्या उबदार ठेवणे हे सारे कोळशावर चाले. कोळसा वाहणे, राख काढणे आणि काजळी पुसणे हे ओझे बाईच्या माथी असे. वीज हे ओझे उतरवू शकेल, अशी हॅसलेट यांची खात्री होती. नोव्हेंबर १९२४ मध्ये ‘इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन’ या संस्थेचा पाया घातला गेला आणि त्या तिच्या संचालक झाल्या. विजेची शेगडी कशी निवडावी, मीटर कसा वाचावा, फ्यूज कसा बदलावा, याचे शिक्षण ही संस्था गृहिणींना देत असे. १९३४ मध्ये हॅसलेट यांच्या संपादनाखाली स्त्रियांसाठी विजेविषयीचे एक हस्तपुस्तक निघाले. १९३५ मध्ये संस्थेने ब्रिस्टल शहरात पूर्णपणे विजेवर चालणारे घरच बांधून दाखवले. बर्लिनला १९३० मध्ये भरलेल्या जागतिक ऊर्जा परिषदेला त्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. १९३२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या ब्रिटिश संस्थेने त्यांना ‘कंपॅनियन’ म्हणून सामावून घेतले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

घरात वीज येत होती, पण तिच्याबरोबर एक गोंधळही येत होता. दिव्यासाठी एका आकाराचा प्लग, इस्त्रीसाठी दुसरा, हीटरसाठी तिसरा. दोन, पाच आणि पंधरा अँपियरच्या गोल पिनांची सॉकेट एकाच घरात नांदत. आज परदेशात जाणारा प्रवासी जी अडचण अनुभवतो, ती तेव्हाच्या गृहिणीला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना येत असे. शिवाय ही सॉकेट भिंतीवर खाली, जमिनीलगत असत. रांगत्या मुलाचे बोट किंवा त्याच्या हातातली सुई भोकात जाणे अशक्य नव्हते.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ मध्ये, युद्धोत्तर घरांतील वीजजोडणी कशी असावी हे ठरवण्यासाठी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने समिती नेमली. हॅसलेट तिच्या सदस्य होत्या, आणि घरगुती सुरक्षिततेच्या जाणकार म्हणून त्यांची ओळख होती. बॉम्बहल्ल्यांत पडलेली घरे पुन्हा उभारायची होती आणि तांब्याची टंचाई होती. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने संपूर्ण देशासाठी एकच प्लग सुचवला. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी सॉकेटची भोके झडपांनी झाकलेली असावीत, हा विचार त्यात अग्रभागी होता. त्यातूनच १९४७ मध्ये ‘बीएस १३६३’ हे प्रमाणक जन्माला आले. नवा प्लग काही एकट्या हॅसलेट यांचा शोध नव्हे, ते समितीचे काम होते. पण वीज ज्यांच्या हाताशी असते त्या बायका-मुलांचा विचार आधी करायचा, ही दृष्टी त्यांनी दोन दशके सातत्याने मांडली होती.

त्या प्लगची रचना पाहण्यासारखी आहे. अर्थची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते. ती आधी शिरते आणि सर्वसाधारणपणे तिच्याच दाबाने झडप उघडते. म्हणूनच तिथल्या अनेक चार्जरना अर्थची गरज नसतानाही प्लॅस्टिकची तिसरी पिन असते. तांबे वाचवण्यासाठी घरभर एकच वर्तुळाकार जोडणी फिरवली गेली. ती ३० अँपियरची असल्याने उपकरणाच्या बारीक वायरला वेगळे संरक्षण हवे होते, म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटात फ्यूज आला. त्यामुळेच हा प्लग एवढा जाडजूड दिसतो.

भारत मात्र ब्रिटनच्या जुन्या गोल पिनांवरच थांबला. ब्रिटनने टाकून दिलेल्या त्या घराण्याचे वारस, म्हणजे सहा आणि सोळा अँपियरचे प्लग, आजही आपल्या भिंतींवर आहेत. म्हणून लंडनला जाताना अ‍ॅडॉप्टर लागतो. तो नसला की काही प्रवासी अर्थच्या भोकात पेनाचे टोपण किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसून झडप उघडतात आणि दोन पिनांचा प्लग आत दाबतात. असे करताना झडपेचे आणि फ्यूजचे संरक्षण ते आपल्याच हाताने काढून टाकतात. इस्त्रीसारख्या धातूच्या उपकरणाला अर्थ नसलेला अ‍ॅडॉप्टर लावणेही तितकेच धोक्याचे. आणि अ‍ॅडॉप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब नव्हे. भारत, ब्रिटन व युरोपात तो सुमारे २३० व्होल्ट, तर अमेरिकेत १२० व्होल्ट असतो. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर चिंता नाही. पण केवळ १२० व्होल्टचा अमेरिकी हेअर ड्रायर इकडे लावला तर तो जळण्याचीच शक्यता अधिक.

१९४७ मध्ये हॅसलेट यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. वीज उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणानंतर स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश इलेक्ट्रिसिटी ऑथॉरिटी’वर नेमली गेलेली पहिली स्त्रीही त्याच. वीजकेंद्रांना कोळसा पुरवणाऱ्या एका जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. घरातून कोळसा हद्दपार करण्यासाठी आयुष्य वेचलेल्या स्त्रीच्या वाट्याला आलेला हा सन्मान गमतीचाच म्हणायचा.

प्रकृती ढासळल्याने १९५६ मध्ये त्यांनी काम थांबवले. ४ जानेवारी १९५७ रोजी सफक परगण्यातील बंगे येथे, बहिणीच्या घरी त्यांचे निधन झाले. आपल्यावर विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार व्हावेत, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. ब्रिटिश घरांतील कोट्यवधी सॉकेटवर त्यांचे नाव कुठेही नाही. पण रांगणारे मूल भिंतीशी पोहोचते आणि ती भोके मिटलेलीच राहतात, तेव्हा त्या समितीचा निर्णय आपले काम करीत असतो.