वाटाण्याचा वेल आणि एक मिनिट

दादासाहेब फाळके म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर 'राजा हरिश्चंद्र' येतो. ३ मे १९१३ हा दिवस आणि गिरगावचे कॉरोनेशन थिएटर आठवते, तारामतीची भूमिका करणारे साळुंके आठवतात. पण हा सारा डोलारा ज्या पायावर उभा राहिला, तो पाया होता एका वाटाण्याच्या दाण्याचा. हरिश्चंद्राच्या आधी फाळक्यांनी एक इवलासा चित्रपट काढला होता. त्यात राजा नव्हता, राणी नव्हती. होती फक्त एक कुंडी, तिच्यातली माती आणि मातीतून वर येणारा एक अंकुर. महिनाभराची वाढ त्यांनी सुमारे एका मिनिटात दाखवली. आज मोबाइलवर एक बटण दाबले की चित्रण दुप्पट-चौपट वेगाने पळते. त्या काळी हा वेग कसा कमवावा लागला, याची ही गोष्ट आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुलाने शास्त्री व्हावे अशी घरची रीत, पण मुलाचा ओढा चित्रांकडे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला झाली, फोटोग्राफी झाली, छपाई झाली. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला, तर प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. जादूचे प्रयोगही ते करीत आणि स्वतःचे आडनाव उलटे फिरवून 'प्रोफेसर केळफा' म्हणवून घेत. पुरातत्त्व खात्यातली नोकरी त्यांनी स्वदेशीच्या दिवसांत सोडली, लोणावळ्यात छापखाना काढला, आणि रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीही गाठली. पण भागीदारांशी पटेना, तेव्हा जमलेला छापखानाही सोडला. चाळिशी उलटलेली, पदरी संसार आणि हातात काही नाही, अशा अवस्थेत त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू दिसत होता आणि फाळक्यांना राम-कृष्ण दिसू लागले होते.

त्यानंतर त्यांना दुसरे काही सुचेना. दिवसरात्र फिल्मच्या पट्ट्या न्याहाळायच्या, रात्र रात्र जागायचे, असे महिने गेले. ताणाने डोळे इतके बिघडले की काही काळ दिसणे जवळजवळ थांबले. उपचारांनी आणि चष्म्यांनी नजर परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या आणि १९१२ च्या आरंभी फाळके लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मदत केली, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपट कसा तयार होतो ते पाहता आले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून दोनेक महिन्यांत ते मुंबईला परतले.

सामान येणार, पण पैसा कुठून येणार? चित्रपटाच्या धंद्यात रक्कम गुंतवायला कोण धजावणार? बोलून कोणाचा विश्वास बसणार नाही, काहीतरी दाखवायलाच हवे, हे फाळक्यांनी ओळखले. नट आणायला पैसे नव्हते. म्हणून त्यांनी न बोलणारा, मानधन न मागणारा नट निवडला. कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला.

यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवायचे. हँडल सेकंदाला दोनदा फिरवले की साधारण १६ चित्रे टिपली जात आणि तेवढ्याच गतीने ती पडद्यावर दाखवली की माणूस माणसासारखा चालताना दिसे. मात्र थांबून थांबून एकेकच चित्र घेतले आणि ती सारी चित्रे नेहमीच्या गतीने दाखवली, तर मधला काळ गळून पडतो. तासांचे क्षण होतात. दाणा फुगतो, मोड वर येतो, पाने उलगडतात, वेल आधार शोधत चढू लागतो.

फाळके रोज एक चित्र घेत, असे नेहमी सांगितले जाते. पण जरा हिशेब मांडून पाहा. सेकंदाला १६ चित्रे म्हणजे एका मिनिटाला ९६० चित्रे, साठ फूट फिल्म. रोज एकच चित्र घेतले तर महिन्याची तीस चित्रे दोन सेकंदांतच संपतील. मिनिटभर चित्रपट हवा तर दिवसरात्र मिळून रोज बत्तीस चित्रे, म्हणजे दर पाऊण तासाला एक, एवढी पाळी सांभाळावी लागते. कॅमेरा तसूभर हलता कामा नये. उजेड कमीजास्त झाला तर पडद्यावर चित्र लुकलुकते. एक चूक झाली की ती धुवून काढल्यावरच कळणार, आणि तोवर अंकुर पुढे वाढून गेलेला असणार. वाटाणा काही पुन्हा पहिल्या पानावर येत नाही.

'अंकुराची वाढ' निवडक मंडळींना दाखवली गेली आणि यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी कर्जाऊ पैसे देऊ केले. तरी भागले नाही. सरस्वतीबाईंनी दागिने पुढे केले. त्या एवढ्यावरच थांबल्या नाहीत. अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे त्यांनी शिकून घेतली, आणि सगळ्या चमूचा स्वयंपाकही सांभाळला. पडद्यावरचा रोहिदास म्हणजे त्यांचाच मुलगा भालचंद्र. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' आले. १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात त्यांनी एकेक चित्र घेण्याची तीच युक्ती वापरून काड्यांना नाचवले. मग बोलपट आला, १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांनी जगाचा निरोप घेतला.

गंमत अशी की ज्यांनी वेग इतक्या जपून मोजला, त्यांच्याच चित्रपटांवर पुढे वेगाचा अन्याय झाला. बोलपटांमुळे सेकंदाला २४ चित्रांची गती ठरली. मूकपट त्या यंत्रावर चढवले की दीडपट पळू लागतात. हरिश्चंद्रासारखा राजाही मग तुरुतुरु चालतो आणि गंभीर प्रसंगाला प्रेक्षक हसतात. पी. के. नायर यांच्या धडपडीतून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फाळक्यांच्या चित्रपटांचे जे भाग वाचवले, ते पाहताना हे ध्यानात ठेवायला हवे. ती घाई फाळक्यांची नव्हे, यंत्राची.

डिजिटल चित्रणातही गोष्ट तीच आहे. आधी घेतलेला व्हिडिओ दुप्पट वेगाचा केला, तर संगणक बहुधा एकाआड एक चित्र टाकून देतो. उरलेली चित्रे जशीच्या तशी असतात, त्यामुळे हालचालीला गचके बसतात, पण चित्राचा कस तेवढ्याने जात नाही. तो जातो नंतर, व्हिडिओ पुन्हा दाबून लहान फाइलमध्ये भरताना. जितक्या वेळा असा साठवाल तितका तो पुसट होत जातो. म्हणून मूळ चित्रण जपावे, सारे बदल त्यावर एकदाच करावेत आणि शेवटी चांगल्या दर्जाची एकच प्रत काढावी. त्याहून बरे म्हणजे वेगवान चित्र हवे आहे हे आधीच ठाऊक असेल, तर फाळक्यांप्रमाणे ठरावीक अंतराने एकेक चित्रच घ्यावे. मग काही टाकून द्यावे लागत नाही.

मुलांना सुटी लागली की हा प्रयोग घरी करता येईल. कुंडीत चार वाटाणे पेरा, मोबाइल ट्रायपॉडवर पक्का बांधा, कॅमेऱ्याचा प्रकाश आणि फोकस एकदा ठरवून कुलूपबंद करा. दिव्याचा उजेड सारखा ठेवा. आज सेकंदाला ३० चित्रे धरली तर एका मिनिटाला १८०० लागतात. तीस दिवसांत ती घ्यायची तर दर चोवीस मिनिटांना एक. मोबाइल ती आपोआप घेईल. १९१२ मध्ये ती पाळी माणसाला सांभाळावी लागली होती, एवढे मुलांना जरूर सांगा.