जमशेटजी टाटा आणि मुंबईची हवा

भिवपुरीस सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेलें वीजघर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस परिचित असेल. घाटमाथ्यावरील ठोकरवाडीच्या तलावाचें पाणी तेथें वेगानें खालीं येतें व त्या वेगावर यंत्रें फिरून वीज उत्पन्न होते. ज्या थोर पुरुषाच्या ध्यासांतून हें कार्य उभें राहिलें, त्या जमशेटजी टाटांचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सांगतों.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजीं नवसारी येथें एका पारशी कुटुंबांत झाला. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १८७७ सालीं त्यांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. स्वतः गिरणीमालक असल्यामुळें कोळशाचा खर्च व धूर या दोहोंची त्यांस जाणीव होती.

त्या काळीं मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा धूर उडवून नेई व पाऊस काजळी धुऊन काढी. हिवाळ्यांत मात्र वारा पडे. रात्रीं जमीन निवून तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षां थंड होई आणि धूर सकाळपर्यंत वस्तीवर साचून राही. शहराचा श्वास असा ऋतूच्या स्वाधीन होता. घाटावर कोसळणारा पाऊस अडवून त्याची वीज करावी, ही डेव्हिड गॉस्टलिंग यांची सूचना जमशेटजींनीं उचलून धरिली. परंतु ती सिद्धीस जाण्यापूर्वींच, १९ मे १९०४ रोजीं, जर्मनींत त्यांचें देहावसान झालें. पुढें त्यांच्या पुत्रांनीं तें काम नेटानें चालविलें. १९१५ सालीं खोपोलीचें व १९२२ सालीं भिवपुरीचें वीजघर सुरू झालें आणि मुंबईच्या गिरण्यांस बिनधुराची शक्ति मिळाली.

आज शहराच्या हवेंत निराळे पाहुणे आले आहेत. शीतयंत्रांतून व कांहीं द्रावकांतून निसटणारे क्लोरीन-फ्लोरीनयुक्त वायु डोळ्यांस दिसत नाहींत. वारा पडला कीं तेही धुराप्रमाणेंच खालीं साचतात. पण ते पाण्यांत फारसे विरघळत नसल्यामुळें पाऊस त्यांस धुऊन काढीत नाहीं. वारा त्यांस विरळ करितो, नाहींसे करीत नाहीं. त्यांतील कांहीं तर वर जाऊन ओझोनच्या थरास अपाय करितात. म्हणून असे वायु मुळांतच निसटूं न देणें हाच खरा उपाय होय. जमशेटजींनीं धुरास वाऱ्याच्या भरंवशावर न सोडतां त्याचें मूळच बदलण्याचा मार्ग धरिला. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांचा हा गुण ध्यानीं धरावा.