कै. रेव्ह. नारायण वामन टिळक आणि आपली गाणी

रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा जन्म इ. स. 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचा स्वभाव तापट होता. परंतु आई जानकीबाई ह्यांस काव्याची फार गोडी असे, व नारायणास कवितेचा पहिला धडा तेथेच मिळाला. मातोश्री वारल्या तेव्हा ते सुमारे अकरा वर्षांचे होते. पुढे त्यांनी घर सोडिले व नाशिकास गणेशशास्त्री लेले यांजपाशी संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतही काही काळ गेले, पण पदवीचा योग आला नाही. आईची मांडी व गुरूचे घर हीच त्यांची खरी शाळा होय.

ता. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी देशी पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांचा बाप्तिस्मा राहुरीस इ. स. 1900 मध्ये झाला. मधल्या वियोगाची हकिकत बाईंनी आपल्या ‘स्मृतिचित्रे’ ग्रंथात लिहिली आहे. ती तेथेच वाचावी.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरास आले व तेथील ईश्वरविज्ञान शाळेत शिकवू लागले. त्या काळी मंडळीत गाइली जाणारी पुष्कळ गीते परभाषेतून उतरविलेली असत व चालीही परदेशी असत. इकडे आपल्या खेड्यांतील महार-मांग बांधवांच्या घरी एकतारी व भजन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. मग मूर्तीबरोबर एकतारीही टाकावयाची काय? वाचकहो, हा प्रश्न लहान नव्हता. शाळेत लेकरू जे शिके ते घरी आजीस कळत नसे, आणि आजीस जे तोंडपाठ होते त्यास शाळेत जागा नसे.

नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया टिळकांच्या आधीच घातला होता. टिळकांनी त्याच वाटेने जाऊन शेकडो अभंग, पदे व भजने रचिली. खेड्यात बहुधा एकच गृहस्थ मास्तर व उपदेशक असे. त्याने शिकलेले पद सकाळी मुलांच्या तोंडी व रात्री मंडळीत टाळांच्या साथीने ऐकू येई. ज्या मातेस अक्षर येत नव्हते तिनेही ते कानाने उचलिले.

मात्र सगळे श्रेय एकट्या टिळकांस देणे मला उचित वाटत नाही. गाण्याचे देणे आपल्या वाडवडिलांचेही होते. शिवाय पंडिताची संस्कृतप्रचुर वाणी खेड्यात चालणारी नव्हती. ती टिळकांस सोडावी लागली. ह्या कामी त्यांचे गुरू तुकारामबुवा. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते उघडपणे सांगत, आणि पुष्कळांस ते रुचत नसे.

इ. स. 1904 मध्ये त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. इ. स. 1912 पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते. इ. स. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ता. 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ तेव्हा अपुरे होते. त्याचे राहिलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी, म्हणजे लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईंनी, लिहिले.