आप्पासाहेब भोसले (मुधोजी दुसरे)

मुधोजी दुसरे ऊर्फ आप्पासाहेब भोसले (जन्म: इ.स. १७९६ – मृत्यू: १५ जुलै, इ.स. १८४०, जोधपूर) हे नागपूरच्या भोसले घराण्यातील राजे होते. सीताबर्डीच्या लढाईतील त्यांच्या पराभवाने नागपूर राज्याचे स्वातंत्र्य संपुष्टात आले.

आप्पासाहेब हे दुसऱ्या रघूजींचे बंधू व्यंकोजी यांचे पुत्र. व्यंकोजींकडे चांदा (आताचे चंद्रपूर) व छत्तीसगड हे प्रांत होते. इ.स. १८१६ मध्ये रघूजी वारले. गादीवर आलेले परसोजी अंध व व्याधिग्रस्त होते. कारभार हाती घेण्यासाठी आप्पासाहेबांनी बाकाबाईंच्या गटाविरुद्ध इंग्रजांचा आधार घेतला आणि २७ मे १८१६ रोजी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्यास होते; तरी हा खून त्यांनीच करविला, असा आरोप पुढे इंग्रजांनी ठेवला.

राजे झाल्यावर हेच इंग्रजी जोखड त्यांना जाचू लागले. दुसऱ्या बाजीरावांशी त्यांनी संधान बांधले. मात्र बाजीराव ५ नोव्हेंबरला खडकीस हरले आणि १७ तारखेला पुणेही गेले. त्यानंतर आठवड्याने, २४ नोव्हेंबरला, आप्पासाहेबांनी पेशव्यांची खिलत व सेनापतिपद जाहीर समारंभात स्वीकारले. ज्याच्या भरवशावर लढायचे तोच पळत असताना ही युद्धाची द्वाही फिरली.

शहर व रेसिडेन्सी यांच्यामध्ये सीताबर्डीच्या दोन टेकड्या होत्या. राजधानीतील ही मोक्याची जागा आप्पासाहेबांनी मोकळी ठेवली; रेसिडेंट जेंकिन्सने तेलंखेडीची फौज आणून ती व्यापली. इंग्रजांकडे सुमारे १,४०० माणसे होती, भोसल्यांकडे त्यांच्या दहापटीहून अधिक. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झालेली लढाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. अरबांनी धाकटी टेकडी घेतली तेव्हा विजय हाताशी होता. पण कॅप्टन फिट्झजेराल्डच्या मूठभर स्वारांनी भोसल्यांचे घोडदळ उधळले आणि टेकडीही परत गेली. हल्ला आपल्या हुकुमाविना झाला, असे आप्पासाहेबांनी जेंकिन्सला कळविले. १६ डिसेंबरला ते शरण गेले.

जानेवारीत गादी परत मिळाली. बाजीरावांशी गुप्त पत्रव्यवहाराच्या आरोपावरून मार्चमध्ये अटक झाली. बाजीराव चांद्याच्या रोखाने येत असता १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ कर्नल ॲडम्सने त्यांचा पराभव केला व मे महिन्यात चांद्याला वेढा दिला. राजा कैदेत आणि कुमकेची आशा नाही, अशा स्थितीत किल्लेदार गंगासिंग यांनी गोंडकालीन परकोट लढविला. २० मे रोजी तटाला खिंडार पाडून इंग्रज आत शिरले. गंगासिंग मारले गेले.

त्याआधी आठवडाभर, १३ मे रोजी, प्रयागकडे नेले जात असताना आप्पासाहेब शिपायाच्या वेशात पहाऱ्यातून निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना साथ दिली. पुढे असीरगड, लाहोर अशी भटकंती करून ते जोधपूरच्या मानसिंहांच्या आश्रयास गेले व तेथेच निवर्तले.