हाफकिन यांनी मांडलेला हिशेब

परळच्या संस्थेमुळे हाफकिन हे नाव महाराष्ट्रात सर्वांच्या ओळखीचे आहे. माणूस मात्र फारसा माहीत नाही.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस केली आणि १८९३ मध्ये ती घेऊन ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा सरकारने त्यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

त्यातून लस अंगाला सोसते एवढेच कळले. ती प्लेग रोखते का, हे ठरवायला न टोचलेली माणसेही मोजायला हवीत. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग पसरला आणि तशी संधी आली. स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली. तिघांना त्याच दिवशी गाठी आल्या. रोग आधीच अंगात होता, म्हणून त्यांची गणना वेगळी ठेवली. पुढे न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांनाच झाला, दोघेही वाचले.

पण आपणहून सुईपुढे येणारे कैदी मुळातच धडधाकट असले तर? रुग्णालयातील जुन्या नोंदींवरून औषधाचा गुण ठरवताना डॉक्टरांना आजही हीच शंका छळते.

हाफकिन यांनी ती १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात बरीचशी दूर केली. प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस दिली. बायका-पुरुष, लहान-थोर, अशक्त-सशक्त दोन्हीकडे सारखे येतील असे पाहिले. घर एक, उंदीर तेच, अन्न तेच. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत न टोचलेले ६४ होते, त्यांतले २६ मेले. टोचलेल्या ७१ पैकी ३.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस घेतलेल्या १०७ पैकी १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना निलंबित केले गेले. वास्तविक ते सगळे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकीच्या बाटल्यांची लस घेतलेल्यांना काही झाले नाही. एवढा उघड पुरावा मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.