एडुआर्ड बुख्नर : यीस्टच्या पेशीतून विकर बाहेर काढणारा शास्त्रज्ञ

उसाच्या मळीपासून किंवा मक्यापासून इथेनॉल तयार होते, हे आता शेतकऱ्यांना नवे नाही. टाकीत यीस्ट घातले की साखरेचे अल्कोहोल होते. पण हे काम यीस्टच्या पेशीतील विकरे, म्हणजेच एन्झाइम्स करतात आणि ती पेशीबाहेरही काम करू शकतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुख्नर यांनी दाखवून दिले. विकरांमध्ये बदल करून जैवइंधन वाढवण्याचे आजचे संशोधन याच पायावर उभे आहे.

बालपण आणि शिक्षण

बुख्नर यांचा जन्म २० मे १८६० रोजी म्युनिक येथे झाला. १८७२ मध्ये वडील वारले. दहा वर्षांनी मोठे असलेले भाऊ हान्स यांनी त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. तरीही पैशाअभावी रसायनशास्त्राचे शिक्षण मध्येच सुटले आणि त्यांनी काही वर्षे अन्नपदार्थ डबाबंद करण्याच्या कारखान्यांत काम केले. पुढे पुन्हा शिक्षण सुरू करून १८८८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

अडलेला प्रयोग

त्या काळी लुई पाश्चर यांच्या संशोधनामुळे जिवंत पेशीशिवाय किण्वन होत नाही, असे मानले जात होते. १८९३ मध्ये बुख्नर यांनी यीस्टच्या पेशी फोडून आतील रस काढायला सुरुवात केली. मात्र यातून काही हाती लागणार नाही, असे प्रयोगशाळेच्या मंडळाचे मत पडले. काम तीन वर्षे बंद राहिले.

१८९६ च्या सुट्टीत ते म्युनिकला भावाच्या संस्थेत आले आणि काम पुन्हा सुरू झाले. पद्धत अशी होती :

- १ किलो यीस्टमध्ये तितकीच बारीक वाळू आणि २५० ग्रॅम डायटमयुक्त माती मिसळून ते घोटले.
- ओलसर झालेला लगदा कापडात गुंडाळून हायड्रॉलिक प्रेसखाली दाबला.
- त्यातून पेशीविरहित रस मिळाला.

हान्स यांना हा रस औषधी प्रयोगांसाठी हवा होता. तो लवकर खराब होई, म्हणून टिकवण्यासाठी त्यात भरपूर साखर घातली. मुरंबा साखरेत टिकतो, तसाच हा विचार. पण रसातून बुडबुडे येऊ लागले. एकही जिवंत पेशी नसताना साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होत होते. १८९७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रसातील घटकाला त्यांनी ‘झायमेज’ नाव दिले. झायमेज हे एक विकर नसून अनेक विकरांचा संच आहे, हे नंतर कळले.

१८९८ मध्ये ते बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९०७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. ऑगस्ट १९१७ मध्ये रुमानियातील फोकशानी येथे जखमी होऊन वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शेतीशी संबंध

विकर पेशीबाहेर काढता येते, म्हणून ते तपासता, सुधारता आणि विकतही घेता येते. मळीत साखर तयारच असते, त्यामुळे तेथे यीस्ट पुरते. मक्यात मात्र स्टार्च असतो. त्याची साखर करण्यासाठी अल्फा-अमायलेज आणि ग्लुकोअमायलेज ही विकरे लागतात. स्टार्च शिजवताना तापमान जास्त असते, म्हणून उष्णता सोसणारी अमायलेज वापरली जातात.

पाचट, बगॅस आणि भाताचा पेंढा यांतील सेल्युलोज फोडणे सर्वात अवघड. त्यासाठी सेल्युलेज हवे. बीजप्रक्रियेसाठी आपण जी ट्रायकोडर्मा बुरशी वापरतो, तिच्याच कुळातील ट्रायकोडर्मा रीसी ही सेल्युलेजचा मोठा स्रोत आहे. मूळ बुरशीत उत्परिवर्तन आणि जनुकीय बदल घडवून जास्त विकर देणारे वाण तयार केले आहेत. तरीही विकरांचा खर्च ही काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्यातील मोठी अडचण आहे. हा खर्च जितका उतरेल, तितकी शेतात जाळल्या जाणाऱ्या पाचटाला किंमत येण्याची शक्यता वाढेल.